उत्तर न देणारी दारं

चाकणच्या पट्ट्यात माणसाचं आडनाव मागाहून विचारतात. आधी विचारतात, "परमनंट का कॉन्ट्रॅक्ट?" खोली भाड्याने देताना हेच, सोयरीक जमवताना हेच, आणि कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्यालाही हेच. धनेशला हा प्रश्न अकरा वर्षं विचारला जात होता आणि त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "कॉन्ट्रॅक्ट. पण कंपनीत सगळे ओळखतात." या दुसऱ्या वाक्याने समोरच्याला काडीचा फरक पडत नसे, तरी तो ते जोडायचाच.

ते वाक्य खोटंही नव्हतं. गाड्यांच्या ब्रेकचे पाइप बनवणारी ती कंपनी. तिथे प्रिंटर अडला, कॅमेरा आंधळा झाला, साहेबाच्या केबिनमधलं इंटरनेट गेलं, की एकच हाक उठायची, "धनेशला बोलवा." औसा तालुक्यातून आयटीआय करून तो आला, पहिली तीन वर्षं शिडीवर चढून नुसत्या केबली ओढल्या. पत्र्याखालून कोणती केबल कुठून कुठे जाते हे कुठल्याच नकाशावर नव्हतं, ते धनेशच्या डोक्यात होतं. आता तो चाळिशीला टेकला होता. काळेवाडीत भाड्याच्या दोन खोल्या, बायको रुपाली आशा सेविका, मुलगी नववीत. रुपालीने पुनावळ्यात एक फ्लॅट तीन वेळा बाहेरूनच बघून ठेवला होता. परमनंटचं पत्र असल्याशिवाय बँक कर्जाचं बोलू देत नव्हती, म्हणून आत जाऊन बघायला तिला लाज वाटायची.

सहा वर्षांपूर्वी धनेशने परमनंटसाठी अर्ज केला होता. त्याला उत्तर आलं नाही. दोन महिने त्याने वाट बघितली, मग 'नाही' असं समजून घेतलं आणि पुन्हा विषय काढला नाही. असल्या बाबतीत तो फार समजूतदार होता. खरं तर भित्रा होता, पण भित्र्या माणसाला लोक तोंडावर समजूतदारच म्हणतात.

यंदा मात्र गाडी पुढे सरकली. आयटीच्या प्रमुख योगिनी मॅडम, पुण्याच्या ऑफिसातून दोन वर्षांपूर्वी आलेल्या, त्यांनी आपण होऊन त्याचं नाव पुढे केलं. त्याच सुमारास, ज्या मोठ्या गिऱ्हाइकाला पाइप जायचे त्याने कळवलं, की तुमच्या नेटवर्कवर कुठली कुठली दारं उघडी आहेत त्याचा रिपोर्ट दसऱ्याच्या आत द्या.

"धनेश, हा रिपोर्ट नीट गेला तर तुमच्यासाठी मला ताठ मानेने बोलता येईल," मॅडम म्हणाल्या. "नाही गेला, तर मी कुठल्या तोंडाने तुमचं नाव घेऊ?"

हे दारांचं प्रकरण थोडं सांगायला हवं. कंपनीत दोनशे बारा यंत्रं नेटवर्कला जोडलेली होती. कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे, आणि शॉप फ्लोअरवरच्या मशीनांचे कंट्रोलर. प्रत्येकाच्या आत हजारो दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. एका दारातून छपाईचं काम जातं, एकातून कॅमेऱ्याचं चित्र येतं, एकातून दुसऱ्या गावी बसलेला माणूसही मशीन चालवू शकतो. नको ते दार उघडं राहिलं की आत कोण शिरेल याचा नेम नाही. म्हणून दारोदार टकटक करून कोणतं उघडं आणि कोणतं बंद ते लिहून आणणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, धनेशने स्वतः लिहिली होती. सकाळ-संध्याकाळ तळवडे चौकातल्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली की मोबाइलवर व्हिडिओ बघत तो हे शिकला. त्या चौकाने आणखी कोणाचं काही भलं केल्याचं ऐकिवात नाही.

स्क्रिप्ट गुणी होती, पण संथ. एक दार वाजवायचं, उत्तराची वाट बघायची, लिहायचं, मग पुढचं. महत्त्वाची दोनशे दारं धरली तरी सगळी कंपनी फिरायला आख्खी शिफ्ट जायची. प्रॉडक्शनवाले जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास द्यायला तयार झाले, तोही तोंड वाकडं करून.

उपाय घरीच सापडला. रुपाली पोलिओच्या फेरीची यादी मांडून बसली होती, शेजारी खडूचा खोका.

"आख्ख्या काळेवाडीला किती दिवस लागतात गं?" धनेशने सहज विचारलं.

"एकटीनं केलं तर वरीस लागंल," ती म्हणाली. "पण एकटं जातंय कोण? पथकं असतेत की. एकाच टायमाला सगळ्या गल्ल्यांत सुटायचं."

धनेशने लगेच लॅपटॉप उघडला. रुपाली पुढे बंद घरांबद्दल आणि खडूच्या खुणांबद्दलही काही सांगत होती, पण ती दोन वाक्यं त्याच्या कानावरून गेली. त्याला हवं ते मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने स्क्रिप्टची आठशे पथकं केली आणि एकदम सोडली. नेटवर्कच्या केबली एकमेकींना जोडणारे कंपनीतले स्वस्तातले स्विच गुदमरले, ऑफिसचं इंटरनेट पाच मिनिटं गेलं, आणि सगळ्यांनी सवयीप्रमाणे धनेशलाच बोलावलं. त्याने आकडा कमी करत करत शंभरावर आणला. मग सगळं सुरळीत झालं. एकाच वेळी शंभर दारांवर टकटक, आणि सारं काम फार तर सात मिनिटांत. वेग वाढवताना त्याने जुन्या स्क्रिप्टमधल्या काही ओळी छाटल्या. त्यात एक ओळ अशी होती, की दाराने 'नाही' म्हटलं तर ते वेगळं लिहायचं आणि दार गप्प राहिलं तर वेगळं. धनेशने दोन्हींचं एकच केलं. उघडं नाही ना, मग बंद. पुढचा महिनाभर तो एकेका मशीनजवळ जाऊन नको असलेली दारं हाताने बंद करत फिरला, आणि शेवटचा पूर्ण रिपोर्ट काढायचा दिवस त्याने निवडला तो खंडेनवमीचा.

यंदा दसरा गुरुवारी, म्हणजे एमआयडीसीच्या आठवड्याच्या सुट्टीलाच आला होता. बुधवारी खंडेनवमी. त्या दिवशी कंपनीत पाइपचा एक तुकडाही निघत नाही. मशीनं धुऊनपुसून हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, आरती करायची, पेढे खायचे आणि अर्ध्या दिवसाने घरी जायचं. धनेशने हिशेब केला, की मशीनं आज मोकळीच, कोणी ओरडायचं नाही. सर्व्हरच्या कपाटाला त्याने स्वतः माळ घातली, उदबत्ती लावली आणि दहा वाजता स्क्रिप्ट सोडली.

सात मिनिटं पुरेपूर लागली. उघडी दारं निघाली एकतीस.

दोन वर्षांपूर्वी हाच आकडा तीनशेच्या घरात होता. महिनाभराच्या खपण्याचं चीज झालं असं धनेशला वाटलं, आणि वाटणारच. मॅडम पूजेसाठी पैठणी नेसून आल्या होत्या. त्यांनी उभ्याउभ्याच आकडा बघितला.

"एकतीसच? कमाल केलीत, धनेश!" त्या म्हणाल्या, आणि त्याच्यासमोरच त्यांनी तो रिपोर्ट गिऱ्हाइकाला पाठवून दिला.

बाराला आरती. पूजेचा मान दरवर्षी पाइप वाकवायच्या जुन्या मशीनचा, आणि तिच्यामुळे सोपानरावांचा. सोपानराव म्हाळुंग्याचे. कंपनी जिथे उभी आहे त्याच्या पलीकडच्या पट्टीत पूर्वी त्यांची ज्वारी असायची. सव्वीस वर्षं ते त्या एकाच मशीनवर होते आणि तिला कधी मशीन म्हणत नसत, 'ती' म्हणत. आरती झाली, सोपानरावांनी धनेशच्या हातावर खोबरं-साखर ठेवली. धनेशने नमस्कारासाठी मशीनला हात लावला. मशीन गार होती. स्क्रीनवर झेंडूची माळ, आणि माळेमागे काळोख.

"सोपानराव, स्क्रीन बंद कशी?"

"कशी म्हंजे? मेन स्विच पाडलाय न्हवं मी सकाळी सातलाच. आख्ख्या लायनीचा. वरीसभर राबती ती, आज तरी तिला इसावा नको व्हय?"

धनेशने शेजारच्या मशीनलाही हात लावून बघितला, तीही गार. कंपनीतली निम्म्याहून जास्त यंत्रं सकाळपासून बंद होती. त्याची शंभर पथकं मेलेल्या मशीनांची दारं वाजवून आली होती, आतून कोणी ओ दिली नव्हती, आणि स्क्रिप्टने इमानेइतबारे लिहून ठेवलं होतं, बंद, बंद, बंद. सात मिनिटं पुरेपूर का लागली तेही आता कळलं. 'नाही' म्हणणारं दार पटकन म्हणतं, सगळा वेळ जातो तो गप्प दारापुढे. अकरा खंडेनवम्या त्याने या कंपनीत केल्या होत्या, मेन पाडलेला दरवर्षी डोळ्यांनी बघितला होता. बाहेरच्या माणसाने निदान चौकशी तरी केली असती. धनेशला स्वतःचा मनस्वी राग आला.

दुपारी घरी आला तेव्हा रुपाली दसऱ्याचं तोरण ओवत होती. त्याने सगळं सांगितलं. कंपनीत न सांगितलं तर कोणालाच कळणार नाही हेही सांगितलं. सांगितलं तर मॅडमना गिऱ्हाइकापुढे मान खाली घालावी लागेल, आणि मग परमनंटचं नावच नको.

रुपालीने सुई थांबवली. "त्या दिवशी सांगायले होते तुम्हाला, पण तुमचं ध्यान कुठं होतं? कुलूपबंद घर म्हंजे नको म्हणालेलं घर नसतंय. तिथं खडूनं एक्स काढायचा अन् परत जायचं. सगळ्या लेकरांना डोस मिळाला, तरच पी."

"आणि कोणी कुलपावरच पी काढला तर?"

"काढला होता मागं एकीनं. चार घरांवर. डॉक्टर तपासायला गेल्या, तर एका घरात दोन लेकरं."

"मग?"

"मग काय, पाजला त्यांना डोस." ती पुन्हा फुलं ओवायला लागली. ओवता ओवताच म्हणाली, "परमनंट जाऊ द्या म्हणवत नाही मला. खोटं कशाला बोलू, तो फ्लॅट मला पायजे. पण आत लेकरं असली तर काय करायचं?"

दसऱ्याच्या दिवशी सोनं वाटून झाल्यावर धनेश लॅपटॉप घेऊन बसला आणि छाटलेली ओळ त्याने परत आणली. उघडं, बंद, आणि तिसरी खूण, उत्तर नाही. ज्या दारांवर तिसरी खूण पडेल तेवढ्याच दारांवर दुसरी फेरी. या फेरीत पथकं शंभर नाहीत, दहाच, आणि प्रत्येक दारापुढे तिप्पट वेळ थांबायचं. त्यातूनही जे दार गप्प राहील ते रिपोर्टमध्ये गप्प म्हणूनच लिहायचं, त्याला बंद म्हणायचं नाही. काम फार मोठं नव्हतं, संध्याकाळच्या चहापर्यंत झालं. एवढ्यासाठी आपण रिपोर्टची माती केली, याचं त्याला वाईट वाटलं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा न उघडता स्क्रिप्ट सोडली. लाइन थांबलेली, पण सगळ्या मशीनांचे मेन वर. पहिली फेरी चार मिनिटांत संपली, दुसरीला अठरा लागली. सायरन व्हायच्या आत रिपोर्ट हातात होता. उघडी दारं चौऱ्याहत्तर. उत्तर नाही, नऊ.

चौऱ्याहत्तरांतलं एक दार त्याने पुन्हा पुन्हा वाचलं. दार सोपानरावांच्या मशीनचं होतं, बाहेरून मशीन चालवता येईल असं, आणि ते त्याचं स्वतःचं होतं. लॉकडाउनमध्ये बस बंद होत्या. सोपानराव म्हाळुंग्याहून चालत येऊन एकटे मशीन चालवायचे. ती अडली, की धनेश काळेवाडीतल्या स्वयंपाकघरात बसून या दारातून आत शिरायचा आणि फोनवर सोपानरावांशी बोलत बोलत तिला चालू करायचा. त्या दिवसांत कंपनी या दाराने तगली होती. पुढे बस सुरू झाल्या आणि दार तसंच राहिलं. महिनाभर सगळ्यांची दारं बंद करत फिरताना या एका मशीनकडे त्याने बघितलंच नाही, कारण ती त्याच्या ओळखीची.

तो तसाच मॅडमच्या केबिनमध्ये गेला. दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या, नाहीतर दुसरी राहिली असती.

मॅडमनी कागद वाचला. "बुधवारी मी तुमच्यासमोर मेल पाठवला, धनेश."

"हो मॅडम."

"आणि हे दार पाच वर्षं उघडं आहे. तुम्ही उघडलेलं."

"हो."

"तुम्ही बोलला नसता तर हे कोणालाही कळलं नसतं."

"माहिती आहे मॅडम."

त्यांनी कागद उलटा ठेवला. "आधी ते दार बंद करा. मग बोलू."

दार त्याने दहा मिनिटांत बंद केलं. नवा रिपोर्टही त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाकडे गेला. 'मग बोलू' मात्र झालं नाही. मॅडम समोर आल्या की मान हलवायच्या आणि पुढे जायच्या. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात नोटिस बोर्डावर परमनंटची यादी लागली. आठ नावं होती. धनेशने ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली.

"नाही म्हणाले," घरी येऊन तो रुपालीला म्हणाला.

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही. यादीत नाव नाही."

"मॅडमला विचारलं? एचआरला विचारलं?"

"त्यात काय विचारायचं? समजायचं ते समजलं."

रुपालीने हातातलं लाटणं खाली ठेवलं. "त्या स्क्रिप्टीला दसऱ्याच्या दिवशी बसून शिकवलंत ना, गप्प दाराला बंद म्हणू नको म्हणून? मग तुम्ही काय करायलात? उद्या जावा अन् वाजवा परत."

आणि धनेश गेला. एचआरमध्ये रोहिदास नावाचा जुना क्लार्क होता. त्याच्या टेबलासमोर उभं राहून अकरा वर्षांत पहिल्यांदा धनेशने स्वतःबद्दल काही विचारलं. रोहिदासने कपाटातून फाइल काढली, धूळ झटकली. फाइलमध्ये सगळ्यात वर योगिनी मॅडमचं शिफारसपत्र होतं. धनेशने तारीख बघितली. त्या शुक्रवारच्या दुसऱ्या दिवसाची होती. म्हणजे त्याने सगळं कबूल केल्यानंतरची.

"मॅडमनी जोर लावलाय," रोहिदास म्हणाला. "पण यादीत कसं घेणार, तुमचा तोच कागद अजून नाही."

"कोणता कागद?"

रोहिदासने फाइलच्या तळातून पिवळी पडलेली चिठ्ठी काढली. "हा काय. तुमचं सहा वर्षांपूर्वीच मंजूर झालं होतं. आयटीआयची मूळ मार्कशीट फक्त दाखवून जायची होती. तुमच्या तेव्हाच्या ठेकेदाराकडे निरोप दिला होता."

तो ठेकेदार त्याच वर्षी कंपनी सोडून गेला होता. "मला कोणी सांगितलं नाही," धनेश म्हणाला.

"तुम्हीही आला नाहीत विचारायला. दोन महिने वाट बघितली आम्ही." रोहिदासने खांदे उडवले. "आम्हाला वाटलं, तुम्हालाच नको असेल."

धनेश बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसला. सहा वर्षं. मुलगी तेव्हा तिसरीत होती. त्याने रुपालीला फोन लावला.

"ट्रंकेत माझी आयटीआयची मार्कशीट आहे. ती काढून ठेव. उद्या घेऊन यायची आहे."

"काय म्हणाले?"

"त्यांना वाटलं, मला नको असेल."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. धनेश फोन कानाला लावून थांबून राहिला.

"तिथंच बसा," रुपाली म्हणाली. "उद्या कशाला? मीच घेऊन येते."

दीड तासाने ती गेटवर उतरली. तळवडे चौकातली धूळ चेहऱ्यावर, मार्कशीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरलेली. सिक्युरिटीने रजिस्टर पुढे ओढलं.

"कोणाकडे आलात ताई?"

"धनेशकडं. मिस्टर आहेत माझे."

"परमनंट का कॉन्ट्रॅक्ट?"

"तेच विचारायला आलेय," रुपाली म्हणाली, आणि सही करून आत गेली.